एलपर्यंतचा नाच

चादरीची घडी अर्धी झाली होती. दोन टोकं माझ्या हातात, दोन वन्संच्या. आम्ही एकमेकींकडे चालत आलो, त्यांची टोकं मी माझ्या बोटांत धरली. आता त्यांनी मागे वळून कपाटात जागा करायची, एवढंच राहिलं होतं. वन्सं वळायला लागल्या आणि अर्ध्यात थांबल्या. भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या, जणू भिंतच पडत होती आणि त्या तिला आधार देत होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. वन्संचा मुलगा, म्हणजे माझा भाचा. तो लांब राहतो, आणि लांबच्या माणसाला काळजी जरा जास्तच असते.

"मामी, आई वळते का आता?"

"सरळ अगदी छान चालतात," मी म्हटलं. मी खोटं बोलत नाही, पण खऱ्यातलं कुठलं आधी सांगायचं हे आपल्या हातात असतं.

"सरळ सगळेच चालतात. जिना सरळ आहे का? मी रविवारी येतोय. भिंतीला न धरता स्वतःच्या खोलीपर्यंत चढून दाखवू दे तिला. नाही जमलं तर खोली सोडायची, प्रेस विकायची आणि माझ्याकडे यायचं. बास झालं."

मी फोन ठेवला. वन्संनी विचारलं, "प्रेस विकायची म्हणाला ना?"

"हो."

"घडी पुरी कर," त्या म्हणाल्या.

वन्सं बाइंडिंग करतात. यजमान गेल्यावर लोक त्यांची पुस्तकं दाबायची लोखंडी प्रेस विकत घ्यायला आले होते. वन्संनी त्यांना चहा पाजला आणि जिन्यापर्यंत पोचवून आल्या. दुसऱ्या दिवसापासून स्वतः कामाला बसल्या. तिसऱ्या मजल्यावर एकच खोली. खिडकीशी प्रेस, टेबलावर खळीचं पातेलं, भिंतीला पुठ्ठे, आणि पुठ्ठ्यांच्या मागे कुठेतरी पलंग. पाहुणा आला की आधी पुस्तकं उठतात, मग पाहुणा बसतो. "मी पुस्तकांकडे राहते," असं त्या म्हणायच्या, "माझी कसली खोली!"

बांधून झालेली वह्यांची चळत घेऊन त्या खाली येत होत्या, तेव्हा जिन्याच्या वळणावर पडल्या. एकाही वहीचा कोपरा दुमडला नाही. मनगट दुमडलं. तेव्हापासून आमच्याकडे होत्या. मनगट बरं झालं, पण वळताना मध्येच थांबायची सवय लागली. भाच्याच्या त्या फोनच्या बरंच आधी हाडांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की हाडात काही नाही, भीती आहे, आणि भीतीला माझ्याकडे गोळी नाही. यांना नाचाच्या वर्गाला घाला. पोस्टामागच्या सभागृहात वयस्कर लोकांसाठी असा वर्ग चालतो, तोल सुधारतो.

हे ऐकून मला आधी देवापुढे जाऊन बसावं लागलं. आमचे हे मात्र हसत सुटले. "ताई, नाचता येईना अंगण वाकडं होणार बघ तुझं."

"अंगण सरळच आहे रे," वन्सं म्हणाल्या. "जिना वाकडा होता."

पहिल्या दिवशी मी बरोबर गेले. नाच शिकवणारी बाई तरुण, उंच, आवाज मोकळा. "चला मावशी, आज फॉक्सट्रॉट. पाय टाका!"

वन्संनी पाय टाकला नाही. "त्याचा अर्थ काय?"

"अर्थ कशाला मावशी? पाय टाका, अर्थ आपोआप येतो."

इथे मला माझ्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात अर्थ कळल्याशिवाय स्तोत्र म्हणायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. मी नवी नवरी असताना पहिल्याच सकाळी घडाघडा म्हणायला लागले, तर त्यांनी बोट वर केलं आणि तिसऱ्या शब्दाचा अर्थ विचारला. तो सांगता येईपर्यंत मला चौथा शब्द मिळाला नाही. वन्सं त्याच हाताखाली वाढलेल्या. ओठांचा नियम त्यांनी पायांनाही लावला. अर्थ म्हणजे नुसता अर्थ नव्हे. शब्द कुठून आला, कुणाच्या घरातला, हे सगळं.

त्यासाठी त्यांच्याकडे पुस्तक होतं. इंग्रजी शब्दांची मुळं सांगणारा जाडजूड कोश. एक मास्तर बांधायला टाकून गेले होते, ते परत आलेच नाहीत. न नेलेलं पुस्तक विकायचं नाही हा बाइंडिंगचा धर्म, पण वाचायला धर्माची ना नाही. मी ह्यांना पाठवून तो कोश खोलीतून आणवला. ह्यांनी तो टेबलावर ठेवला, तेव्हा आमच्या कपांनी आवाज केला.

फॉक्सट्रॉट म्हणजे कोल्ह्याची चाल. पण आधी ते नाव घोड्याच्या आखूड पावलांच्या दुडकीला होतं. "म्हणजे घोडा कोल्ह्यासारखा चालायचा, आणि आता मी घोड्यासारखी चालायची," वन्सं म्हणाल्या. हरकत नव्हती. पुढच्या वर्गाला त्यांनी पाय टाकला.

मग रोज जेवणं झाली की कोश उघडायचा. बॉल, म्हणजे मोठी नाचाची मेजवानी, ते लॅटिनमधल्या 'नाचणे' या क्रियापदावरून. बॅले आणि बॅलड ही त्याचीच भावंडं. बॅलड हे मुळात नाचायचं गाणं. खेळायचा चेंडू मात्र दुसऱ्याच घरातला. "नाव एक, घराणं वेगळं," वन्सं म्हणाल्या, "आपल्या दुधवाल्याचं नि डॉक्टरांचं आडनाव एकच आहे तसं." कोरिओग्राफी म्हणजे नाच लिहून ठेवणं, हे ग्रीकांचं. डिस्को, म्हणजे पुरा शब्द डिस्कोथेक, तबकड्यांचं ग्रंथालय. फ्रेंच लोकांनी ग्रंथालयाच्याच शब्दाचा साचा उचलून तो केला. हे वाचून वन्सं इतक्या खूश झाल्या की डिस्कोबद्दल कुणी वाईट बोललं तर त्यांना लागायला लागलं. "बाइंडिंगच्या शेजारचंच काम की ते."

माझं समाधान कॅरलवर झालं. ते भक्तीचं गाणं, पण आधी तो गोल धरून केलेला नाच होता, गाता गाता. कोरसही तसाच, आधी नाचणाऱ्यांचा मेळा आणि मग गाणाऱ्यांचा. देवाचं गाणं जर पायातून निघून तोंडात आलं असेल, तर मी मध्ये पडणारी कोण? त्या दिवशी माझ्या रोजनिशीच्या वहीत फक्त एवढंच लिहिलं आहे: 'वन्संना वर्गाला जाऊ देणे. शंका मिटली.'

खुद्द डान्स या शब्दापाशी मात्र कोश गप्प. जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्या मागचं ठाऊक नाही, असं सरळ लिहिलेलं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय? ठाऊक नाही हे ठाऊक झालं. देवाचं तरी मूळ कुणी सांगितलंय तुला?"



अडचण वेगळीच निघाली. कोश दोन भागांत होता आणि मास्तरांनी बांधायला दिला होता तो पहिला, ए ते एल. फॉक्सट्रॉट झाला, जिग झाला. पोल्का आला आणि वन्सं खुर्चीवर जाऊन बसल्या. टँगोला बसल्या. वॉल्ट्झलाही बसल्या. नाचाच्या बाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो मावशी, तुम्हाला वळायचं आहे ना? मग गोल गोल वळण सगळं वॉल्ट्झमध्येच आहे!"

"असेल. पण डब्ल्यू माझ्याकडे नाही."

भिंतीशी बसून राहणाऱ्या बाईला इंग्रजीत वॉलफ्लॉवर म्हणतात, असं वर्गातल्या एका बाईने गोड आवाजात त्यांना ऐकवलं. वन्सं शांत होत्या. "तोही शब्द दुसऱ्या भागातला," त्या म्हणाल्या. "मला एवढ्यात राग धरता येत नाही."

मी फोनवर शोधून देते म्हटलं, तर, "फोन घाईत सांगतो." ह्यांनी सुनावलं, "ताई, वॉल्ट्झ म्हणजे गोल फिरणं. झालं!" त्यावर, "ते डोळ्यांना दिसतंच आहे, त्याला भाऊ कशाला हवा?" आणि भाच्याने सांगितलेला रविवार तर जवळ येत होता. वन्सं संध्याकाळी आपल्या खोलीची किल्ली पदराने पुसत बसायच्या. लखलखीत किल्ली होती ती. आणखी पुसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

शेवटी मीच म्हटलं, "वन्सं, ते मास्तर राहतात कुठे?"

"पाण्याच्या टाकीमागे."

"मग इतकी वर्षं तुम्ही कोश पोचता का नाही केला?"

"ते येतो म्हणाले होते. माणूस येतो म्हणाला की आपण जाऊ नये. त्याला वाटतं आपण भरवसा ठेवला नाही."

आम्ही गेलो. सरळ रस्ता होता. जिथे वळायचं तिथे वन्संनी माझा दंड धरला. मास्तर व्हरांड्यात बसले होते, अंगावर शाल, मांडीवर दुसरा भाग. त्याची पाठ उसवून दोरे लोंबत होते. पिशवीतला पहिला भाग पाहून ते ताठ झाले.

"झाला का बांधून? मी निरोपाची वाट पाहत होतो. तयार झाला की कळवते म्हणाला होतात."

"तुम्ही येतो म्हणाला होतात."

"तुम्ही कळवल्यावर येणार होतो."

दोघंही खरं बोलत होती. मग मास्तर म्हणाले, "बाई, इतकी वर्षं मी एमपासून पुढे जगतोय. ऑर्केस्ट्रा म्हणजे ग्रीकांच्या नाटकगृहातली नाचायची जागा, हे मला पाठ आहे. पण डान्सचं मूळ काय ते सांगा. फार दिवस अडलंय."

"ठाऊक नाही, असं लिहिलंय."

मास्तर इतके हसले की आतून सूनबाई पाणी घेऊन आल्या.

मग त्यांनी डब्ल्यू काढला आणि पुस्तक वन्संपुढे धरलं. वॉल्ट्झ. जर्मन क्रियापदावरून. रूळ फिरावा तसं फिरणं, लोळणं, गरगर जाणं. वन्संनी ते बोट ठेवून वाचलं, आणि पुन्हा वाचलं.

"रूळ," त्या म्हणाल्या.

"हो, रूळ."

"वहिनी, खळ लावून कापड चिकटवलं की मी वरून रूळ फिरवते, पाहिलं आहेस ना तू? तो मध्ये थांबवला की काय होतं?"

"काय होतं?"

"सुरकुती पडते. निघत नाही मग. निघाला की या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ द्यायचा असतो." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मी अर्ध्यात थांबते."

हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, नाचाच्या बाईंनी सांगितलं होतं, मी तर रोजच सांगत होते. पण आम्ही कुणी कोशात नव्हतो.

निघताना मास्तरांनी दुसरा भाग वन्संच्या हातात दिला. "याचीही पाठ शिवून द्या. या वेळी मी येतो म्हणणार नाही."

"मीच आणून देईन," वन्सं म्हणाल्या. पण द्यायचा तर आधी बांधायला हवा, आणि बांधायचा तर प्रेस तिसऱ्या मजल्यावर. ते तिघांनाही कळलं.

वर्गात त्यांनी वॉल्ट्झ केला तो नाचाच्या बाईंबरोबर. सुंदर केला असं मी म्हणणार नाही. दोनदा बाईंच्या पायावर पाय दिला, एकदा वॉलफ्लॉवर म्हणणारीच्या. दुसऱ्या भागात त्यांनी तोही शब्द पाहून ठेवला होता. भिंतीवर उगवणारं सुवासिक फूल निघालं, त्यामुळे राग धरायचं राहूनच गेलं. पण त्या अर्ध्यात थांबल्या नाहीत. नाचाच्या बाई पाय चोळत म्हणाल्या, "मावशी, अर्थ आला हो."

रविवारी भाचा आला. तोंडावरून प्रेसचं गिऱ्हाईकही ठरवून आलेला दिसत होता. आम्ही वन्संच्या जिन्याशी उभे राहिलो. वन्संनी दोन्ही हातांत दुसरा भाग छातीशी धरला.

"आई, पुस्तक दे इकडे."

"असू दे. काम आहे."

त्या पुढे, त्यांच्यामागे भाचा हात पसरून, आणि शेवटी मी. मी मोठ्याने स्तोत्र म्हणत होते. अर्थाकडे माझं लक्ष नव्हतं. सासरे असते तर बोट वर केलं असतं. पहिल्या वळणावर वन्संचा पाय अडखळल्यासारखा झाला. हात भिंतीकडे जाणार, पण हातात कोश. मग त्या वळल्या, पुऱ्याच्या पुऱ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुढचं वळण. त्याच्या पुढचं. मग किल्लीचा आवाज आला आणि आतून खळीचा शिळा वास.

भाचा दारातच थांबला. "आई, भिंत का नाही धरलीस?"

"तूच म्हणालास ना, धरायची नाही."

त्याने प्रेसकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "जिन्याला कठडा तरी बसवून देऊ का?"

"बसव. तुझ्या मामीला लागेल. ती फार धापा टाकते."

रात्री वन्सं आमच्याकडे परतल्याच नाहीत. त्यांची घडी केलेली चादर मी ह्यांच्याबरोबर वर पाठवली. ह्यांनी येऊन निरोप सांगितला: पहिल्या भागाशी जुळेल असं तपकिरी बाइंडिंगचं कापड संपलं आहे, उद्या सकाळी वन्सं ते आणायला जाणार आहेत.