कलांचोचं पाणी

सासरे गेल्यावर सासूबाईंना आम्ही सांडोरहून चंदनसारला, आमच्या फ्लॅटवर आणलं. सांडोरला त्यांची केळीची वाडी होती. लग्न होऊन आल्यापासून सकाळ-संध्याकाळ वाडीला पाणी देणं हेच त्यांचं आयुष्य. इथे तिसऱ्या मजल्यावर त्या नुसत्या बसून राहायच्या. म्हणून मी माणिकपूरच्या एका नर्सरीतून कलांचोचं रोप आणलं. जाड, गुबगुबीत पानं आणि केशरी फुलांचे गुच्छ. "दहा दिवसांतून एकदा पाणी, तेही माती वाळली तरच," असं नर्सरीवाल्याने बजावलं होतं. मीही आईंना बजावलं.

पण ऐकतील त्या कसल्या. सकाळी उठल्या उठल्या तांब्या घेऊन, भिंतीला धरत धरत त्या गॅलरीत जायच्या. संध्याकाळी परत तेच. गुडघे ठणकत असले तरी ती फेरी चुकायची नाही. महिन्याभरात पानं पिवळी पडून लोंबायला लागली. वाडीत पान लोंबलं की झाडाला तहान लागलेली असते, म्हणून आईंनी आणखी पाणी घातलं. बुंधा पार कुजला.

माझं तोंड फटकळ. "मारायचंच ठरवलंय का तुम्ही याला?" मी म्हणाले.

"पाणी घालून झाड मरतं, हे मी आजच ऐकते," त्या म्हणाल्या. रागाने नाही, खरंच नवल वाटून.

मी शेंड्याकडची धड राहिलेली फांदी कापली, चार दिवस सावलीत सुकवली आणि वाळू मिसळलेल्या मातीत लावली. कुंडी ग्रिलच्या वरच्या फळीवर ठेवली, त्यांचा हात पोचणार नाही अशी.

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"काही करू नका. आराम करा."

त्यांनी तेच केलं. आधी सकाळचं लवकर उठणं सुटलं, मग गॅलरीत येणं, मग जेवायला टेबलापर्यंत येणंही. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, पण चालतं ठेवा. मला तर चीडच यायची, की बाई मनावरच घेत नाहीत.

पुढच्या जानेवारीत झाड फुलांनी भरलं. कुंडी उतरवून मी त्यांच्या पलंगाशी नेली, खरं सांगायचं तर जरा तोऱ्यातच. फुलांकडे त्यांनी पाहिलंही नाही. अंगठ्याने माती दाबली.

"कोरडी आहे गं. घालू थोडं?"

"नको. परवा घालायचंय."

त्यांनी हात चादरीत ओढून घेतला. होळीच्या आधी त्या गेल्या.

झाड मात्र जोमात आहे. शेजारणी फांद्या मागतात, मी देते, निगा कशी राखायची तेही सांगते. नर्सरीत असली रोपं ढिगाने असतात. एक कुजलं तर दुसरं आणायचं, तेही कुजलं तर तिसरं. एवढी साधी गोष्ट तेव्हा मला सुचली नाही. मी झाड वाचवत बसले.