नवऱ्याला काढू का?

आर्ट थेरपीला पहिल्यांदा जाणार असाल तर एक सांगून ठेवते, चित्रं येत नाहीत म्हणून घाबरू नका. मला तरी कुठे येत होती? जन्मभर मराठी शाळेत गणित शिकवलं. वर्तुळ काढते मी झकास, पण हातात कंपास असेल तर. आणि तिथे कंपास देत नाहीत. मी मागून पाहिला.

मला तिकडे धाडलं माझ्या मुलाने. ह्यांना जाऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. हे म्हणजे माझे मिस्टर. बडोद्याजवळ बाजव्याला रिफायनरीत नोकरी, उमेदीची सगळी वर्षं पाळ्या करण्यात गेली, आणि रिटायर होऊन जरा कुठे माणसासारखे जेवायला-झोपायला लागले तर एका सकाळी निघूनच गेले. मी चहा ठेवला होता. घरात उरलो मी आणि मुलगा. तो कम्प्युटरचं काम घरूनच करतो. बोलणं व्हायचं आमचं, नाही असं नाही. गॅस आला का, टाकी भरली का, भाजी कोणती करू. फक्त ह्यांच्याबद्दल चकार शब्द नाही. कोणी भेटायला आलं की हा त्यांना फाटकापाशीच गाठायचा आणि हळूच बजावायचा, "आईसमोर बाबांचा विषय काढू नका हं, तिला त्रास होतो." मी आतून ऐकायची. डोंबलाचा त्रास! विषय निघत नव्हता त्याचाच तर त्रास होता. पण हे त्याला सांगायचं म्हणजे आधी मलाच विषय काढायला हवा, आणि त्याचं ते ओढलेलं तोंड बघितलं की मी भाजीचंच विचारायची.

त्यातून भलतंच झालं. मला ह्यांचा चेहरा आठवेनासा झाला. खरंच सांगते. भिंतीवर फोटो होता, पण तो नोकरीच्या ओळखपत्रावरचा, मोठा करून घेतलेला. त्यात हे इंजेक्शन घ्यायला बसल्यासारखे दिसतात. डोळे मिटले की मला तेवढाच चेहरा दिसायचा. ज्याच्याशी इतकी वर्षं भांडले, ज्याच्या हसण्यावर जास्तच चिडले, तो माणूस कुठे गेला? मी फार घाबरले होते. आणि मी घाबरले की रडत नाही, चिडते. दूधवाला पिशवी टाकून पळायला लागला. सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडले, मांजराशी भांडले, एकदा तर पंख्याशीसुद्धा. शेवटी डॉक्टरांनी सुचवलं आणि मुलाने निजामपुऱ्यातल्या एका वर्गात माझं नाव घातलं.

"नुसती चित्रं काढायची, आई. जाऊन तर बघ."

"मला वेड लागलंय का?"

"नाही गं."

"मग या वयात बालवाडीत का घालतोयस?"

एरवी तो हसला असता. हसला नाही, म्हणून गेले.

वर्ग पहिल्या मजल्यावर आहे आणि खाली फरसाणवाला. तळणाचा वास थेट जिन्यातून वर येतो, त्यामुळे अर्धी थेरपी दारातच होऊन जाते. वर मोठी खोली, लांब टेबलं, रंग, मातीचे गोळे. बऱ्याचशा बायका, आणि कोपऱ्यात चोरी केल्यासारखे बसलेले दोन पुरुष. वर्ग घेणारी एक गुजराती मुलगी, माझ्या शेवटच्या बॅचच्या पोरींएवढी. ती आल्या आल्या "दोरो, दोरो" म्हणायला लागली आणि मी चष्मा लावून टेबलावर सुई शोधायला लागले. मग शेजारणीकडे बघून कळलं, दोरो म्हणजे चित्र काढा.

मी तयारीनिशी गेले होते. व्हॉट्सॲपवर आलं होतं की काळा रंग घेतला तर मन उदास, लाल घेतला तर डोक्यात राग. म्हटलं, ही बया माझ्या चित्रावरून माझी कुंडली मांडणार, तर मी कशाला सापडू? पिवळा खडू उचलला, हा एवढा सूर्य काढला, खाली हिरवंगार गवत. कॉपी करून पास होणाऱ्या पोरासारखा कागद पुढे सरकवला आणि विचारलं, "किती मार्क?"

"अहीं मार्क नथी, मासी," ती म्हणाली. "करतां करतां केवुं लाग्युं?"

करताना कसं वाटलं, म्हणे! मी म्हटलं, बोटं पिवळी झाली. ती म्हणाली, सरस. हात्तिच्या! एवढ्यासाठी रिक्षा करून आले मी?

पण तसंच असतं तिथे. तुमच्या चित्राचा अर्थ ती सांगत नाही, तुम्हालाच विचारते, आणि तुम्ही नाही सांगितलात तरी तिचं काही अडत नाही. एक काका येतात, ते कणीक मळावी तशी माती मळतात आणि हात धुऊन घरी जातात. कोणी काही म्हणत नाही. मला मात्र चुकीला लाल पेनाने गोल करायची इतकी सवय की दुसऱ्यांच्या कागदांकडे बघताना हात शिवशिवायचे. शेजारणीचं घर एका बाजूला कललं होतं. मी जीभ चावून गप्प बसले. बसले म्हणजे एकदाच बोलले.

मग तो दिवस आला. ती मुलगी म्हणाली, आज ज्याला भेटावंसं वाटतं त्याला कागदावर आणा. ह्यांचा तर चेहराच आठवत नव्हता. आणू कुठून? तरी म्हटलं, बघू या. आता माझं गुजराती कसं, तर बाजारातलं. भेंडी कशी दिली, जरा वाजवी लावा, एवढ्यावर बडोद्यात जन्म निघतो. भाजीवाल्याकडे चित्र काढायची वेळ येत नाही, त्यामुळे ते दोरवुं माझ्या जिभेवर कधी बसलंच नाही. घाईत मी घरचंच क्रियापद लावलं, हात वर केला आणि वर्गात बोलायच्या खणखणीत आवाजात विचारलं, "बेन, हुं मारा वरने काढुं तो चाले?"

मराठीत यात काही चुकलं नाही. पण गुजरातीत चित्र दोरतात. काढतात तो कचरा, नाहीतर कामावरून माणूस. मी भर खोलीत विचारलं होतं, मी माझ्या नवऱ्याला हाकलला तर चालेल का?

 मग पादरा गावाहून बसने येणाऱ्या एक जाडजूड बेन आहेत, त्यांनी ब्रश खाली ठेवला. "काढो, बेन, काढो! एमां पूछवानुं शुं? हुं तो क्यारनी विचारुं छुं!"

त्यात विचारायचं काय, मी पण कधीपासून विचार करतेय! मला वाटलं, काय पण उत्साह आहे बाईंना चित्रकलेचा. मी आपली नम्रपणे म्हणाले, "आजे तो फक्त मोढुं ज काढीश. हाथ-पग पछी."

आज फक्त तोंड, हातपाय नंतर. बायका टेबलावर डोकी टेकून हसायला लागल्या. कोपऱ्यातले दोघे पुरुष खुर्च्या मागे सरकवून भिंतीला टेकले. शेवटी त्या मुलीने डोळे पुसत पुसत मला समजावलं की मी काय बोलून बसले.

कप्पाळ माझं! कानांपर्यंत लाल झाले. आणि सारवासारव करायला म्हणून तोंडातून निघालं, "अरे, एमने शुं काढवाना? ए तो जाते ज नीकळी गया." त्यांना काय काढायचं, ते तर आपले आपणच निघून गेले.

सगळ्यांना कळलं. पादऱ्याच्या बेननी तोंडावर हात ठेवला. आणि मला, काय सांगू, हसू फुटलं. हे असते तर! हा किस्सा ह्यांनी अख्ख्या पाळीला सांगितला असता, हातापायांसकट. मी हसत सुटले ते थांबेचना. बेन माझा हात धरून रडता रडता हसायला लागल्या आणि मग त्यांनी विचारलं, "केवा हता?"

कसे होते? वर्षभरात मला कोणी हे विचारलं नव्हतं. मी बोलत सुटले. संत्रं सोलायचे आणि सगळ्यांना फोडी वाटून स्वतः सालं घेऊन बसायचे. रस्त्यावरच्या कुत्र्याला केम छो विचारायचे. आंघोळ करताना इतकं बेसूर गायचे की शेजारचे खिडकी लावून घ्यायचे. मी बोलत होते आणि पेन्सिल चालत होती. चष्मा आला, केस आले, हनुवटीवरचा तीळ आला. तोंड मात्र येईना. खोडलं, परत काढलं, परत तेच इंजेक्शनवालं.

तिथून घरी येताना माणूस दमतो, हे लक्षात ठेवा. कपडे धुतल्यासारखे हात दुखतात. स्वयंपाक सकाळीच उरकून जावं.

मुलगा कामाला बसला होता. स्क्रीनवरून नजर न काढता त्याने रोजचं विचारलं, "कसं झालं?" एरवी मी म्हणते, बरं. त्या दिवशी कागद सरळ त्याच्या कीबोर्डवर ठेवला. 

"बाबांना काढलंय."

तो बघत राहिला. मला वाटलं, आता उठून जाणार. गेला असता तर पुन्हा विचारायची हिंमत माझ्यात नव्हती.

"हे बाबा?" तो म्हणाला. "हे तर कोणीतरी बँक मॅनेजर वाटतात."

तिडीकच गेली माझ्या मस्तकात. "मग तू काढ! मोठा आलाय शहाणा!"

त्याने खरंच पेन्सिल घेतली. कान मोठे केले. नाकावरून आमची चांगलीच जुंपली. मी म्हणते सरळ, तो म्हणतो टोकाला वाकडं, आत्यासारखं. दोघंही ओरडत होतो. मग तो तोंडापाशी आला आणि मी त्याचा हात धरला.

"ते नको काढूस. हसायचे कसे तेच मला आठवत नाही रे. केव्हाचं आठवत नाही."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "असं काय करतेस, आई? आधी डावा डोळा बारीक व्हायचा. मग खांदे हलायचे. आवाज सगळ्यात शेवटी." आणि त्याने तसं करून दाखवलं. डोळा, खांदे, मग तो आवाज.

समोर हे बसले होते. मी रडले, पोटभर रडले. तोही रडला, लहानपणी रडायचा तसा, तोंड न झाकता. मग शर्टाच्या बाहीला नाक पुसत म्हणाला, "मला वाटायचं, तुला त्रास होईल."

"होतोच आहे," मी म्हटलं. "परत हसून दाखव."