कव्हर न घेतलेली राणी

दुपारची लाइट गेलीय. पंखा थांबता थांबता एक शेवटची फेरी मारतो. छातीवर मोबाइल, आणि डोळा लागलाय की नाही हे प्रफुल्लचं प्रफुल्ललाच कळत नाही.

राणीमास्तर जाऊन आठवडा होतोय. मोबाइलवरच्या कॅरममधला दोस्त. कानात हेडफोन घालून रोज डाव, रोज गप्पा, भेट एकदाही नाही. राणी पहिली हाच घ्यायचा म्हणून राणीमास्तर. त्याच्या बहिणीनं त्याच्याच खात्यावरून लिहिलं, 'दादा गेला.' मग खातं बंद. प्रफुल्लला त्याच्या घरी जायचंय, त्याच्या आईपाशी बसायचंय. पण जाणार कुठं? खरं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही.

तो पाणी प्यायला उठतो. स्वयंपाकघराचं दार ढकलतो तर पुढं एसटी स्टँड. एकही गाडी नाही. फलाटावर कॅरम मांडलाय आणि पलीकडं बसून कुणीतरी पावडर भुरभुरतंय. रेंज गेल्यासारखा चेहरा, नुसते चौकोन चौकोन.

"ये की. नेट स्लो आहे का?"

तोच आवाज. प्रफुल्ल बोर्डासमोर जाऊन बसतो.

"मास्तर, आधी गाव सांग."

"आधी पावडर चोळ. मोबाइलवर बोटाला काही लागतच नाही लेका."

प्रफुल्ल पावडर पसरतो. गार लागते. आता खाली फलाट नाही, नदीचं पाणी आहे, आणि दोघं त्यावर मांडी घालून बसलेत.

"तुझ्या आईला भेटायचंय रे."

"तीन वर्षं तिच्यावरून शिव्या दिल्यास. आता भेटायला निघालास?"

दोघं हसतात. हसता हसता प्रफुल्लला रडू फुटतं.

"चेष्टा नको. घरी सांगितलं, तर आमची आई म्हणते, गेममधलाच ना? मी रडू कुणापुढं?"

मास्तर स्ट्रायकर मारतो. राणी जाते.

"कव्हर घे," प्रफुल्ल घाईनं म्हणतो. राणीमागोमाग सोंगटी गेली नाही तर राणी परत बोर्डावर येते.

"थांब, सांगतो. माझं नाव..."

ओठ हलतात. आवाज तुटतो.

"ऐकू येत नाही. परत बोल. मास्तर, परत बोल ना."

पलीकडं कुणी नाही. राणी बोर्डाच्या मधोमध.

लाइट येते, पंखा फिरायला लागतो. उजव्या हाताच्या बोटांना पांढरी पावडर. या घरात कॅरम कधी नव्हताच.

आई जेवायला हाक मारते. प्रफुल्ल डाव्या हातानं भाकरी मोडतो.

"हे काय रे, डाव्या हातानं?"

"असू दे," तो म्हणतो, आणि उजवी मूठ मांडीवर मिटलेलीच ठेवतो.