कंडिसेंड म्हणजे पायधूळ

कळंबहून विमानतळाकडे निघताना जीपच्या टपावर बॅगा बांधून झाल्या आणि दादाने माझ्या हातातली कादंबरी ओढून घेतली. "हे कशाला गं नेतेस? असलं इंग्रजी आता तिथंपन कोन बोलत नाय."

मी ती परत हिसकावली. आमचे वडील, आबा, जीपच्या दाराशी उभे होते. "असू दे रं," ते म्हणाले. "वाचलंय तिनं. तू कुठं वाचलंस?"

दादाने दोरीची गाठ तपासली आणि जीप हलायच्या आतच तो घरात निघून गेला. त्यानंतर इतकी वर्षं झाली, आबाही गेले, पण दादा एकदाही इंग्लंडात, लेस्टरला माझ्याकडे आला नाही. माहेरचं माणूस दारात उभं राहिलेलं पाहावं, एवढंच मला हवं होतं.

कादंबरी दादाचीच होती, कॉलेजातली. त्याला कर्जतला कॉलेजात घातलं आणि मला दहावीनंतर नेरळच्या बाजारात भाजीच्या टोपलीमागे बसवलं. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही. दादा गाईड वाचून पास झाला. कादंबरी माळ्यावर पडली होती, ती मी बाजारात नेली. गिऱ्हाईक नसलं की वाचायची. लांबच लांब वाक्यं, आणि एकेका वाक्यात दोन-तीन माणसांचे मानापमान. अर्थ अडला की संध्याकाळी दादाला गाठायचं. तो वैतागायचा, पण सांगायचा. काउंटनन्स म्हणजे चेहरा. ऑब्लाइज्ड म्हणजे उपकृत. कंडिसेंडला मात्र तो अडला. त्या गोष्टीत बडे लोक साध्या माणसांच्या घरी यायला 'कंडिसेंड' करायचे आणि घरचे त्यांचे आभार मानायचे.

दादाने डोकं खाजवलं. "अगं, आपन सरपंचाला नाय का म्हनत, एकदा पायधूळ झाडा आमच्याकडं? तेच समज."

इंग्रजांकडेही पायधूळ असते, याचं मला फार अप्रूप वाटलं. तो शब्द मी जपून ठेवला.

लेस्टरला नवरा गोदामात कामाला होता. मी डबे द्यायचं ठरवलं, तेव्हा स्वयंपाकघर तपासायला पालिकेचा माणूस घरी आला. मी चहा आणि शिरा तयार ठेवला होता. दारातच, चांगली साडी नेसून, पाठ केलेलं वाक्य म्हणाले, "आय थँक यू, सर, फॉर कंडिसेंडिंग टू एंटर अवर हाउस."

त्याचे कान लाल झाले. चहाला हात न लावता काम उरकून तो निघून गेला.

शेजारच्या हंसाबेन हसून हसून खाली बसल्या. मग त्यांनी सांगितलं, की हल्ली त्या शब्दाचा अर्थ समोरच्याला तुच्छ समजून गोड वागणं असा होतो. म्हणजे मी त्याला तोंडावर म्हणाले होते, आलास एकदाचा उपकार करायला!

मी लगेच दादाला फोन लावला. "मुद्दाम उलटा अर्थ सांगितलास ना?"

"डोकं फिरलंय का तुझं? मला ठावूक होता तो सांगितला."

"कॉलेज तुला आणि फजिती माझी!"

त्याने फोन ठेवला. पुढे कित्येक महिने आम्ही बोललो नाही. परवाना मिळाला, डबेही चालू झाले. घाऊक बाजारात मी वांग्याच्या पेट्यांवरून हुज्जत घालते तेव्हा दुकानदार म्हणतात, या बाईचं इंग्रजी आजोबांच्याही आजोबांच्या काळातलं आहे. असेना. भाव उतरतो.

मग बऱ्याच वर्षांनी एकदा वाचनालयातला जाडजूड शब्दकोश उघडला. दादाचा अर्थ तिथे होता, 'जुना' असा शेरा मारून. शब्द बिघडला होता, दादा चुकला नव्हता. मी लेकीला सांगते ते कळंबही आता तसंच, जुनं. मी सांगते भाताचं खाचर, तिथे आज रिसॉर्टचा पोहण्याचा तलाव आहे.

मी फोन केला. माफीबिफी नाही मागितली. "दादा, अर्थ बरोबर होता तुझा. जुना होता फक्त."

"म्हंजे कॉलेज फुकट नाय गेलं," तो हसला. रसायनीच्या कंपनीतून तो नुकताच निवृत्त झाला होता.

"मग ये की आता. काय कारण उरलंय?"

"आठ दिस येतो."

"आठ दिवसांत इथे झोपेचं गणितसुद्धा बसत नाही. दोन महिने."

"येडी का काय? कापनी कोन करंल?"

ओढाताण करत एका महिन्यावर सौदा पटला. मग त्याने विचारलं, "थंडी लय असंल ना गं? अंथरून-पांघरून आनू का?"

माझं डोकंच फिरलं. "अंथरूण? घरी येतोयस का धर्मशाळेत?"

"बरं बाय, बरं. नाय आनत."

फोन ठेवल्यावर मी ओट्याशी उभीच राहिले. कळंबच्या माणसांशी बोलताना इतकी वर्षं मी या जागेला 'इकडची रूम' म्हणत आले होते. घर म्हणजे कळंबचं. आज रागाच्या भरात 'घरी' असं तोंडून निसटलं, आणि दादानेही ते दुरुस्त केलं नाही.