याडीच्या हातातला दाभण

हात जोडणं माझ्या अंगवळणी कधी पडलं नाही. कॉलेज सुटलं तेव्हापासून मी पत्रकं लिहितो. कोळशाची खाण जमीन घेते, बदल्यात धूळ देते आणि वरून आभार मागते, हे वणीच्या चौकात उभं राहून लोकांच्या हातात कोंबणं हे माझं काम. आमच्या घरी भाविकांच्या अनुभवांची पुस्तकं येतात. आईला अक्षर लागत नाही, म्हणून ती माझ्याकडून वाचून घेते, आणि वाचताना दर वेळी माझं डोकं फिरतं. यांचा देव नेमका वेळेवर हजर. मग आमच्या वेळी कुठं बसला होता? तो राग अजून गेलेला नाही. तो सोबत घेऊनच हे लिहितो आहे. चमत्कार होता की नव्हता, यावर मला कोणाशी भांडायचं नाही. जसं घडलं तसं सांगतो.

आमचा तांडा खाणीत गेला. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर फिरायचे; मग कधी तरी इथं स्थिरावले, शेती केली, आणि जिथं स्थिरावले तिथंच खाली कोळसा निघाला. आता आम्ही वसाहतीत राहतो. आखलेले रस्ते, सारखी घरं, तुळशीच्या पानावर काळी पूड. मोर्चा काढला, धरणं धरलं, शेवटी सगळ्यांनी नव्या घरांच्या चाव्या घेतल्या. माझ्या एका पत्रकात मी मोठ्या अक्षरांत छापलं होतं, आमची देवी हलणार नाही, आम्हीही हलणार नाही. आईला ते वाचून दाखवलं तेव्हा ती भाकरी थापता थापता हसली होती. म्हणाली, “थे तर बैलावर बसून आली बापू. तुले कोणं सांगतलं हलत नाई म्हणून?”

ती देवी म्हणजे आमची याडी. याडी म्हणजे आई. आम्ही घरच्या आईलाही याडीच म्हणतो, पण इथं वाचणाऱ्याचा घोळ नको म्हणून मी घरच्या याडीला आई लिहितो. मूर्ती शिवणीच्या लाकडाची, हातानं कोरलेली, मांडीवर लेकरू घ्यावं एवढीच. कोणी कोरली, ठाऊक नाही. लाकूड घेतलं कारण ते हलकं. दगडाची देवी बैलाला जड झाली असती. तिची पाठ सपाट, लादलेल्या गोणीला टेकून बसता यावी अशी. खाली सिंह नाही, वाघ नाही. तिचं वाहन खराखुरा बैल होता, तो लाकडात कशाला कोरायचा? बैठकीला दोन्ही बाजूंनी भोकं, दोरी ओवायला. डोळ्यांना पापण्या नाहीत, कारण मुक्काम पडला की सगळे झोपायचे आणि राखण तिच्याकडे. उजव्या हातात दाभण, गोणी शिवायचा, आईच्या शब्दांत फाटलेलं जोडायचा. आणि डावा हात उताणा, पुढं केलेला, मागणाऱ्यासारखा. दिवाळीच्या अवसेला, जिला आम्ही काळी मावस म्हणतो, घराघरातून एकेक वाटी जवसाचं तेल यायचं. बाया ते तिच्या अंगाला चोळायच्या आणि थोडं त्या उताण्या तळहातावर ओतायच्या. पिढ्यान्‌पिढ्या ओतून तिथं खळगा पडला होता. तेल मुरलं की याडीनं ऐकलं. मुरेपर्यंत बाईनं तिथून उठायचं नाही, एवढाच आमचा विधी. माझ्या जन्माआधी आई तिथं दुपारपर्यंत बसून होती म्हणे.

वसाहतीत नवं मंदिर झालं. एका पुढाऱ्यानं संगमरवरी देवी दिली, आठ हातांची, गुलाबी ओठांची, आणि पायथ्याशी स्वतःचं नाव कोरून घेतलं. नवरात्रात बसवायची ठरली. मग प्रश्न आला, जुनीचं काय करायचं. तांड्याचे प्रमुख, म्हणजे आमचे नाईक, यांनी बैठक बोलावली. बाहेरून एक जाणकार आणले होते. त्यांनी याडीला उलटसुलट पाहिलं आणि सांगितलं की त्रिशुळाची दोन टोकं मोडलेली आहेत, मूर्ती खंडित आहे, खंडित मूर्ती पुजू नये, विसर्जन करावं.

आई बायकांत मागं बसली होती. ती उठून म्हणाली, “थे त्रिसूळ नोहे जी. दाभण हाये थो.”

यावर नाईकांचा उजवा हात असलेला कारभारी म्हणाला, “काकी, मंग नव्या देवीले शिलाई मशीनच घेऊन देऊ ना.” सभा खदखदून हसली. ज्यांच्या आज्यांनी त्या तळहातावर तेल ओतून लेकरं मागितली, ती लेकरं हसली. मी बोललो, भरपूर बोललो. आमचेच लोक आमच्या देवीला ओळखायला बाहेरचा माणूस बोलावतात, इथपर्यंत बोललो. आंदोलनात माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेले साथी तेव्हा मोबाइल पाहत होते. पुढाऱ्यानं त्यांना खाणीच्या वाहतुकीत कामं कबूल केली होती. ठराव मंजूर झाला. आई खाली बसली नाही, तशीच घरी निघून गेली.

भादव्यात तिला नेलं. वर्धा नदी जवळ, पण नाईकांची सोयरीक झरी जामणीकडची, म्हणून पैनगंगेवर. नदी भरून चालली होती. मंत्र झाले, हळदकुंकू झालं, आणि याडीला पाण्यात सोडलं. ती तरंगली. लाकूड ते, तरंगणारच. पण हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मातीची बुडते, दगडाची बुडते, म्हणून हीही बुडेल असं धरून चालले होते. दोघातिघांनी दाबली, ती पुन्हा वर आली, तोंड आभाळाकडं, बिनपापणीचे डोळे उघडे. कोणी तरी हसलं, मग कोणीच हसेना. शेवटी कारभाऱ्यानं गोणपाटात नदीचे दगड भरले आणि दोरी ओवली, बैठकीच्या त्याच भोकांतून. जी भोकं तिला सोबत न्यायला पाडली होती, त्यांतूनच तिला बुडवायची दोरी गेली. मी पुढं झालो तेव्हा मला धरून बाजूला केलं. ती गेली. घरी आल्यावर आईनं एकच विचारलं, बुडली का. मी हो म्हणालो. त्यानंतर तिनं मंदिराकडं पाहिलंही नाही, आणि हळूहळू माझ्याकडंही पाहीनाशी झाली. पुस्तकं वाचून घेणं थांबलं. जेवायला वाढायची, निजायची, पण तिचं घरात असणं आम्हाला जाणवेना.

काळी मावस आली. आईनं सवयीनं वाटीत जवसाचं तेल काढलं आणि दारात बसली. मंदिरात पाटी लागली होती, मूर्तीला तेल लावू नये. तशीही त्या संगमरवरी देवीचा पुढचा हात अभय देणारा, उभा. त्यावर तेल ठरणार कसं? ओघळून मनगटावर येणार. मी म्हटलं, कुठं तरी देऊन टाकू. ती वाटीत पाहत म्हणाली, “कोनाच्या हातावर ओतू?”

यावर कुठलं पत्रक लिहायचं? सुचलं नाही की मी चिडतो. वाटीतलं तेल एका बाटलीत भरलं, मोटरसायकलला बांधलं आणि निघालो. जिथं बुडवली तिथं ओतून येतो म्हणालो. त्यात श्रद्धा काहीच नव्हती. घरात राहवत नव्हतं, एवढंच.

घाटाच्या अलीकडे कच्च्या रस्त्यावर गाडीची चेन उतरली. मी तिला शिव्या घालत बसलो होतो, तेवढ्यात बकऱ्या घेऊन एक कोलाम आदिवासी म्हातारा आला. न विचारता गाडी धरून उभा राहिला. मग बाटलीचा वास घेऊन म्हणाला, जवसाचं आहे का. मी सांगितलं, आहे, नदीत ओतायचं आहे.

“नदीले तेल कायले पायजे बाप्पा?”

खरं तर हा प्रश्न माझाच. दुसरा कोणी तेल ओतायला निघाला असता तर मीच त्याला तो विचारला असता. मी तिरसटपणे सगळं सांगून टाकलं. तांडा, बैठक, दाभण, गोणपाट, आई. मनात होतं की ऐकून चुकचुकेल आणि जाईल. तो चुकचुकला नाही. चेन बसल्यावर त्यानं हात मातीला पुसले आणि म्हणाला, “गाडी राहू द्या इथंच. माह्या मांगं या.”

त्यांचं पोड, म्हणजे कोलामांची वस्ती, नदीकाठच्या चढावर रानात आहे. पोडाच्या कडेला मोह, मोहाच्या बुडाशी सारवलेला ओटा, आणि ओट्यावर याडी. मी उभाच राहिलो. म्हाताऱ्यानं सांगितलं ते असं: पूर उतरताना मासे धरायला लावलेल्या जाळ्यात ती आली. दोरीला गोणपाटाची फाटकी चिंधी तेवढी उरली होती. दगड कधीच गळून गेले होते. कोण, कुठली, काही माहीत नव्हतं. बाई दमून आली आहे, तर बसवा, एवढं म्हणून त्यांनी तिला सावलीत सुकवलं. लाकूड कोरडं पडून तडकेल म्हणून मोहाच्या बियांचं तेल चोळलं. आणि तिनं हात पुढं केलेलाच होता, तर थोडं त्यावरही ओतलं. रोज कोणी ना कोणी ओततं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

गोणपाट कुजकं असणार, पूर मोठा असणार, जाळं तिथंच असणार. मला सगळं समजतं. तरी माझे गुडघे टेकले, ते मी टेकवले नव्हते.

म्हाताऱ्याची बायको जवळ येऊन बसली. तिनं याडीच्या उजव्या हाताकडं बोट दाखवून कोलामीत काही सांगितलं. म्हाताऱ्यानं मराठीत केलं: ही कंद खणायची काठी आहे, ही आमच्यासारखीच रानातली बाई आहे. माझ्या तोंडात आलं होतं, काठी नाही, दाभण आहे. आमच्या सभेत जे हरलो ते इथं जिंकायची खुमखुमी होती. पण ती म्हातारी ज्या नजरेनं त्या काठीकडं पाहत होती, तसं आमच्या सभेत कोणीच दाभणाकडं पाहिलं नव्हतं. मी गप्प बसलो. कदाचित आयुष्यात पहिल्यांदा.

मग म्हातारा म्हणाला, तुमची आहे, घेऊन जा. म्हातारीनं तोंड दुसरीकडं फिरवलं. माझ्या डोक्यात पत्रक तयार होतं. याडी परत आली. चौकात नेऊन ठेवायची, नाईकांचं आणि पुढाऱ्याचं तोंड काळं करायचं. हातात बाटली होती. झाकण काढून तिच्या तळहातावर तेल ओतायला गेलो, तर खळगा आधीच भरलेला. आमच्या तेलाला जागाच नव्हती. आमचा विधी आठवला. मुरेपर्यंत उठायचं नाही. मी बसलो. बकऱ्या चरत होत्या, पोडातून धूर येत होता, आणि मी, घोषणा देऊन घसा बसवलेला माणूस, लाकूड तेल पितं कसं ते पाहत बसलो. तेल हळूहळू खाली गेलं. तसा माझा चौकही खाली गेला, पत्रकही. मग मी आईचं तेल ओतलं, तेही मुरेपर्यंत थांबलो, आणि बाटली रिकामी घेऊन उठलो. म्हाताऱ्याला म्हटलं, राहू द्या इथंच.

उठताना मोहाच्या पलीकडे मोजणीचे रंगवलेले दगड दिसले. म्हाताऱ्यानं विचारलं, हे कायचे आकडे टाकून राह्यले, तुम्हाले वाचता येते न. मला वाचता येत होतं. आमच्या तांड्यातही आधी हेच दगड आले होते. मी त्याला स्पष्ट सांगितलं, खाण इकडं येते आहे.

काही दिवसांनी आईला घेऊन गेलो. तिनं याडीला नमस्कार करण्याआधी बैठकीची भोकं चाचपून पाहिली. चिंधी काढून टाकलेली, भोकं मोकळी. मग ती म्हातारीशेजारी बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. दोघी तेल चोळत राहिल्या. माझ्याकडं न पाहता आई म्हणाली, “मले वाटलं आमाले टाकून गेली. आपणच बसून राह्यलो रे, थे आपल्या कामाले लागली.” ती माझ्याशी मोकळं बोलली, दोन महिन्यांनी. या एका वाक्यासाठी मी कोणाचे आभार मानू ते मला अजून नीट सांगता येत नाही. पण ते देणं माझ्यावर आहे, हे नाकबूल करत नाही.

आता मी पुन्हा पत्रकं लिहितो, त्या पोडासाठी, त्या दगडांविरुद्ध. हरूही, बहुतेक हरूच. पण त्यांत याडीचं नाव मी घातलेलं नाही. ती हलणार की नाही, हे आता मी ठरवत नाही. पोड उठलंच तर तिच्या बैठकीला भोकं आहेत, आणि यावेळी दोरी कशासाठी ओवायची हे म्हातारीला आईनं खुणांनी शिकवून ठेवलं आहे.