पाटीच्या कडेवरचा पाय

आमच्या ह्यांना खेळाचं वेड होतं म्हणण्यापेक्षा नियमांचं वेड होतं म्हणायला हवं. मुंबईत असताना दर रविवारी हे पांढरा कोट चढवून कुठल्या ना कुठल्या क्लबाच्या क्रिकेट सामन्यात पंच म्हणून उभे राहत. मग कुवेतला तेल कंपनीत ड्राफ्ट्समनची नोकरी लागली, तिथल्या मंगफ गावात दोन खोल्या मिळाल्या आणि मी मनाशी म्हटलं, सुटले बाई एकदाची!

कसली सुटतेय. तिथल्या अमेरिकन साहेबांचं बेसबॉल होतं. वाळूवर तेल शिंपून, रोलर फिरवून त्यांनी मैदान केलं होतं. ड्रॉइंग ऑफिसचा एक संघ, रिफायनरीचा दुसरा, आणि दोघांचाही एकमेकांच्या माणसांवर काडीचा विश्वास नाही. म्हणून त्यांनी ह्यांना पंच केलं. ह्यांनी नियमांचं पुस्तक आणलं आणि जेवतानासुद्धा ते पाण्याच्या तांब्याला टेकवून वाचू लागले.

एका शुक्रवारी सामना अगदी शेवटच्या धावेवर अडला. ह्यांचे साहेबच ड्रॉइंग ऑफिसचे कप्तान. ते धावत आले आणि जिला पाय लागला की धाव पुरी होते, त्या जमिनीतल्या रबरी पाटीकडे घसरले. त्याच क्षणी रिफायनरीच्या गड्याने हातातला चेंडू त्यांच्या खांद्याला लावला. ह्यांनी बोट वर केलं. तिकडे बाद देताना मूठ उगारायची रीत, ह्यांनी मात्र क्रिकेटसारखं बोट. साहेब बाद, रिफायनरीचा संघ विजयी! साहेबांनी टोपी जमिनीवर आपटली आणि ह्यांच्याकडे न बघता निघून गेले.

ह्यांचा करार लवकरच संपत होता आणि पुढच्या करारावर सही याच साहेबांची. ती झाली नाही तर नोकरी गेली, आणि नोकरी गेली की देश सोडायचा. मुंबईची भाड्याची खोली तर आम्ही सोडून आलो होतो.

त्यात एका इंजिनियरने तो सामना आपल्या सिने-कॅमेऱ्यात टिपला होता. फिल्म धुवायला विलायतेला गेली. ती आली की खरंखोटं कळेल, असं जो तो म्हणू लागला. कंपनीची टपालाची गाडी रस्त्यावरून गेली की माझी तव्यावरची पोळी करपायची.

हे तर बोलेनासेच झाले. एकदा मी स्वयंपाकघरात आले तर हे खडूने फरशीवर रेघ ओढून तिच्यावर बूट ठेवून बघत उभे.

"अहो, काय चाललंय काय?"

"आपल्या क्रिकेटमध्ये पाय रेषेवर असला तर बाद. आत टेकला तरच वाचला," हे म्हणाले. "त्यांच्याकडे पाटीच्या नुसत्या कडेला लागला तरी वाचला. साहेबांचा पाय कडेला लागलेला मी पाहिला होता गं. चेंडूच्या आधी. पण बोट आपोआप वर गेलं."

मी डोक्याला हात लावला. "मग जाऊन सांगा ना त्यांना! एका वाक्याचं तर काम आहे."

"आत्ता? सहीच्या तोंडावर? लोक म्हणतील, नोकरीसाठी पाय धरले. फिल्म येऊ दे. ती बोलेल, मला बोलावं लागणार नाही."

मला इतका राग आला की मी ती रेघ तिथल्या तिथे पुसून टाकली.

फिल्म आली. क्लबच्या हॉलचे पडदे भरदुपारी ओढून ती लावली. साहेब धावले, घसरले, धूळ उडाली, आणि नेमक्या त्या क्षणी पडद्यावर दिसली ती ह्यांची पाठ. मीच इस्त्री केलेला शर्ट, आणि त्याच्यामागे पाटी पार झाकलेली. पुन्हा लावली, पुन्हा पाठच. लोक हसले. मला मात्र पुढचं दिसलं. आता हे गप्प बसणार आणि साहेब मनात डूख धरणार.

हे उभे राहिले. "साहेब, तुमचा पाय आधी लागला होता. चूक माझी."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "सही अजून व्हायचीय वाटतं!" हॉलभर हशा पिकला. ह्यांचे कान लाल झाले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ह्यांना बोलावून सांगितलं, "आता मी सही केली तर ती लाच दिसेल आणि नाही केली तर सूड. तुझा कागद मी दुसऱ्याकडे पाठवलाय." कुणाकडे, ते विचारायची ह्यांची छाती झाली नाही. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सामानाची एक पेटी तर मी बांधूनही ठेवली.

मग एका संध्याकाळी दारात रिफायनरीच्या संघाचे कप्तान, तिथले मोठे साहेब, उभे. मला वाटलं, भांडायलाच आले. ह्यांनी भर हॉलमध्ये त्यांचाच विजय खोटा ठरवला होता ना. त्यांनी ह्यांच्या हातात कागद ठेवला. करारावर सही त्यांची होती.

"शुक्रवारी मॅच आहे," ते म्हणाले. "वेळेवर ये. आणि या वेळी मूठ!"

ते गेल्यावर हे लगेच बूट पुसायला बसले. मी आत जाऊन बांधलेली पेटी सोडायला घेतली, पण डोळ्यांतल्या पाण्याने मला गाठच दिसेना.