बावीस पावलांवरचा डबा

मैत्रिणींनो, खरं सांगते, आज मी माझ्याच मैत्रिणीवर लई जळले.

सकाळी पेशंटला इंजेक्शन दिलं. वापरलेल्या सुया टाकायचा डबा वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला. उघडी सुई घेऊन कुठं चालायचं, म्हणून टोपण घालायला गेले अन् सुई बोटात घुसली. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "एवढं काय त्यात? हात धू अन् ये."

नर्सिंगला सोबत शिकलेल्या, आता दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात असलेल्या सविताला फोन लावला. ती ओरडलीच, "टोपण घातलंसच कशाला? आमच्याकडं खाटेखाटेला डबा आहे. टोचलंच तर लगेच रक्त तपासून एचआयव्ही होऊ नये म्हणून गोळ्या देतात. तू आत्ता जा!"

गेले, इन्चार्ज सिस्टरशी भांडून पहिली गोळी घेतली.

सविताच्या पगाराचा मला कधी हेवा वाटला नाय. आज तिच्या डब्याचा वाटला.

सुट्टी झाल्यावर पावलं मोजली. माझा डबा बावीस पावलांवर आहे. तुमचा?